पावसाआधीचा वारा



भूगोलाच्या एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या व्याख्यानमालेत वाऱ्यावर बोलायला मिळावं, आणि तेही पुण्यात, मे महिन्याच्या अखेरीस, याहून चांगला योग कुठला? सध्या सगळ्यांचे डोळे केरळकडे लागलेले आहेत. मान्सून अंदमानात आला म्हणतात, केरळात कधी, कोकणात कधी, आपल्याकडे कधी. मला मात्र आज तुम्हाला केरळच्या बरंच खाली, विषुववृत्ताच्या पलीकडे न्यायचं आहे. आपल्याकडे पडणाऱ्या पावसाचा वारा तिथून सुटतो.

मोसमी पाऊस का येतो, याचं उत्तर आपण सगळ्यांनी शाळेत लिहिलं आहे. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तापलेली हवा वर जाते, तिथे कमी दाब तयार होतो आणि समुद्रावरची बाष्पाने भरलेली हवा जमिनीकडे धावते. थोडक्यात, किनाऱ्यावर रोज दुपारी सुटणाऱ्या खाऱ्या वाऱ्याचाच हा मोठा अवतार. उत्तर सुटसुटीत आहे, गुणही पुरे मिळतात. माझं म्हणणं असं की हे उत्तर आता पाठ्यपुस्तकातून निवृत्त करायला हवं. का, ते सांगायला थोडा वळसा घ्यावा लागेल. विषय वाऱ्याचा आहे आणि वारा कधी सरळ जात नाही, तेव्हा वळशाबद्दल माफी मागत नाही.

आधी समुद्रावर जाऊ. वाऱ्याचं वेळापत्रक प्रथम खलाशांना कळलं. विद्वानांना ते फार उशिरा कळलं. २४ एप्रिल १४९८ रोजी वास्को द गामाची जहाजं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून निघाली. बरोबर मालिंदीच्या राजाने दिलेला एक वाट दाखवणारा नाविक होता. तो गुजराती होता, असं पुढच्या पोर्तुगीज इतिहासकारांनी लिहिलं आहे. प्रसिद्ध अरब दर्यावर्दी इब्न माजिदचं नाव त्याला मागाहून चिकटलं आणि आजचे बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत. तो कुणीही असो, त्याला महिना कळत होता. नैऋत्येचे वारे नुकते धरू लागले होते, अजून खवळले नव्हते. तेवीस दिवसांच्या प्रवासानंतर मलबारचे डोंगर दिसले.

आता परतीची गोष्ट. गामाचं कालिकतच्या राजाशी, म्हणजे सामुद्रीशी, बिनसलं. २९ ऑगस्टला त्याने कालिकत सोडलं, किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत तो अंजदीव बेटाशी थांबला. हे बेट कारवारच्या समोर आहे आणि आज गोव्यात मोडतं. तिथे जहाजांची डागडुजी करून ५ ऑक्टोबरला त्याने आफ्रिकेची दिशा धरली. या वेळी तो जाणता माणूस बरोबर नव्हता. आफ्रिकेचा किनारा दिसला तो २ जानेवारी १४९९ ला. जाताना तेवीस दिवसांत कापलेलं अंतर येताना जवळजवळ तीन महिने खाऊन बसलं. कधी वारा पडलेला, कधी समोरून येणारा. हिरड्या सुजून, दात हलून, स्कर्व्हीने तीसेक माणसं त्या एका टप्प्यात मेली. उरलेल्यांना तीन जहाजं हाकणं जमेना, म्हणून पुढे ‘साओ राफाएल’ हे जहाज त्यांना स्वतःच्या हाताने जाळून टाकावं लागलं.

कालिकतच्या बाजारातला कुठलाही व्यापारी त्याला सांगू शकला असता: बाबा, ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघू नको. नैऋत्येचे वारे संपलेले असतात आणि ईशान्येचे अजून बसलेले नसतात. महिना-दीड महिना थांब, मग वाराच तुला नेऊन सोडेल. हे ज्ञान तेव्हाही फार जुनं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ नावाने ओळखली जाणारी एक ग्रीक वाटपुस्तिका लिहिली गेली. तिच्यात आपलं कल्याण आहे, चौल आहे, आणि इजिप्तहून भारताकडे निघायचं तर जुलैत निघावं, असा सल्लाही आहे.

पण वेळापत्रक ठाऊक असणं वेगळं आणि गाडी का सुटते ते ठाऊक असणं वेगळं. त्या दुसऱ्या गोष्टीला सतराव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. १६८६ साली एडमंड हॅलीने, धूमकेतूवाल्याच हॅलीने, जगातल्या समुद्रांवरच्या वाऱ्यांचा नकाशा छापला. तरुणपणी तो दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर तारे मोजायला गेला होता. त्या प्रवासात त्याने व्यापारी वारे स्वतः अनुभवले होते. त्याच्या नकाशात हिंदी महासागरातले ऋतूप्रमाणे उलटणारे वारेही आहेत. कारण म्हणून त्याने उष्णता पुढे केली: जिथे सूर्य तापवतो तिथली हवा वर जाते, बाजूची हवा तिची जागा घ्यायला येते. शाळेतल्या आपल्या उत्तराचा मूळपुरुष हाच.

एक गोष्ट मात्र हॅलीला नीट सुटली नाही. हवा विषुववृत्ताकडे येते तर ती सरळ उत्तरेकडून किंवा सरळ दक्षिणेकडून यायला हवी. ती तिरकी, पूर्वेकडून का येते? सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो, हवा त्याच्या मागे लागते, असं काहीसं त्याने सांगून पाहिलं. हे पटण्यासारखं नव्हतं.

ते कोडं १७३५ साली जॉर्ज हॅडली नावाच्या लंडनच्या एका वकिलाने बरंचसं सोडवलं. त्याचा निबंध मोजक्या पानांचा आहे. तो म्हणतो, पृथ्वी फिरते हे विसरू नका. विषुववृत्तावरचा माणूस ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे नेला जात असतो. पुण्यात हा वेग १,५८० च्या आसपास, आणि ३० अंश अक्षांशावर साधारण १,४५०. (हे आकडे माझे, कल्पना त्याची.) आता ३० अंशांवरची हवा विषुववृत्ताकडे निघाली, तर ती वाटेत जास्त जास्त वेगाने फिरणाऱ्या जमिनीवर येते आणि मागे पडते. जमिनीवरच्या माणसाला ती पूर्वेकडून आल्यासारखी वाटते. वर गेलेली हवा उंचावरून ध्रुवांकडे परतते, ती उलट जमिनीच्या पुढे धावते, म्हणून ती पश्चिमेची होते.

हॅडलीचा मला आवडणारा मुद्दा याच्या पुढचा आहे. तो म्हणाला, पृथ्वीवरचे सगळे वारे पूर्वेकडूनच वाहत असते, तर त्यांच्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं मंदावलं असतं. तसं होत नाही, अर्थात कुठेतरी तितक्याच जोराचे पश्चिमेचे वारे असलेच पाहिजेत. वकील माणूस, जमाखर्च जुळल्याशिवाय त्याने खटला बंद केला नाही. त्याचा निबंध पुढची पन्नास-साठ वर्षं जवळपास कुणी वाचला नाही. अणूच्या सिद्धांतामुळे आपल्याला माहीत असलेल्या जॉन डाल्टनने हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि मग त्याच्या लक्षात आलं की हॅडली आपल्या आधी होऊन गेला आहे.

हॅडलीच्या गणितात एक चूक होती. हवा अक्षाच्या जवळ सरकताना तिचा मूळ वेग जसाच्या तसा राहतो, असं त्याने धरलं. प्रत्यक्षात तो वाढतो. शिवाय फिरत्या पृथ्वीवर वळण फक्त दक्षिणोत्तर जाणाऱ्या हवेलाच लागतं असं नाही. कुठल्याही दिशेने जाणाऱ्या हवेला ते लागतं. हे वाऱ्यांच्या बाबतीत स्पष्ट केलं विल्यम फेरेलने. हा अमेरिकेतला शाळामास्तर, शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा निबंध १८५६ साली नॅशव्हिलच्या वैद्यकशास्त्राच्या मासिकात छापून आला! संपादक ओळखीचे होते, आग्रह झाला आणि छापला गेला. वळण लावणाऱ्या या परिणामाला आज कोरिओलिसचं नाव आहे. त्या फ्रेंच अभियंत्याने १८३५ साली फिरत्या यंत्रांचं गणित मांडलं होतं, वाऱ्याबद्दल त्याने अवाक्षर काढलेलं नाही. नावं कुणाची लागतात याला काही न्याय नसतो. हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

या वळणाचा एक परिणाम मनात पक्का ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कमी दाब मधोमध असला तर आपल्याला वाटतं, वारा तडक तिथे जाईल. तो जात नाही. घाण्याच्या बैलाची ओढ मधल्या खांबाकडे असते पण चाल गोल असते, तसा वारा कमी दाबाभोवती फेर धरतो, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने. म्हणून ‘इथे तापलं, तिथून हवा आली’ हे वाक्य दहा-वीस किलोमीटरच्या खाऱ्या वाऱ्याला चालून जातं. हजारो किलोमीटरचा आणि कित्येक दिवसांचा प्रवास आला की पृथ्वीचं फिरणं आपला हिस्सा मागतं.

जगाचं चित्र आता थोडक्यात असं दिसतं. विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे एकमेकांना भेटतात, हवा उचलली जाते, ढगांचे मनोरे पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत चढतात. तिथून हवा दोन्हीकडे पसरते आणि ३० अंशांच्या आसपास खाली बसते. खाली बसणारी हवा दाबली जाऊन तापते, कोरडी होते. सहारा, अरबस्तान, कलहारी, ऑस्ट्रेलियाचा मधला भाग ही त्या उतरणाऱ्या हवेची वाळवंटं आहेत. या चक्राला आपण हॅडलीचं नाव देतो. आता एक हिशेब. विषुववृत्तावर स्थिर असलेली हवा काहीही न गमावता ३० अंशांपर्यंत गेली, तर तिचा पश्चिमेकडून वाहण्याचा वेग ताशी ४८० किलोमीटर व्हायला हवा. प्रत्यक्षात तिथे उंचावर आढळणारे जेट वारे हिवाळ्यातसुद्धा सरासरीने याच्या निम्म्याहून कमी वेगाचे असतात. उरलेला वेग मध्य अक्षांशांवरचे मोठाले भोवरे, म्हणजे युरोप-अमेरिकेची रोजची वादळं, पुढे उत्तरेकडे ओढून नेतात. युरोपातल्या लोकांच्या बोलण्यात हवामान इतकं का येतं, त्याचं कारण हे भोवरे.

या जेट वाऱ्यांची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले. जगाला कळावं म्हणून त्यांनी अहवाल एस्परांतो भाषेत छापला, आणि नेमका म्हणूनच तो जगात कुणी वाचला नाही. १९४४ साली अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर पोचली तेव्हा बॉम्ब भलतीकडे पडू लागले आणि वैमानिक चक्रावले. जपान्यांनी त्याच वाऱ्यावर नऊ हजारांच्या वर बॉम्ब बांधलेले फुगे अमेरिकेकडे सोडले. तुमच्यापैकी ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांना हा वारा वेगळ्या रूपात माहीत आहे: लंडनला जायला जितका वेळ लागतो, त्यापेक्षा परत यायला तासभर कमी.

आता आपल्या पावसाकडे.

शाळेतल्या उत्तराची उलटतपासणी आज, या सभागृहाबाहेरच्या हवेवर करता येईल. जमीन तापल्यामुळे पाऊस येत असेल, तर तो या घटकेला पडायला हवा. नागपूरचं मे महिन्यातलं सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असतं. जुलैत ते ३२ च्या आसपास येतं. मुसळधार पाऊस पडतो तो जुलैत, जेव्हा जमीन थंडावलेली असते. दुसरी साक्ष याहून वाईट. ज्या वर्षांत जमीन जास्त तापलेली राहते, ती वर्षं दुष्काळाची असतात, अतिवृष्टीची नव्हेत. अर्थात तिथे कार्यकारण उलटं आहे: पाऊस नाही, ढग नाहीत, म्हणून जमीन तापते. हा आक्षेप नवा नाही. भारतीय हवामान खात्यात काम केलेले जॉर्ज सिम्पसन, जे स्कॉटबरोबर अंटार्क्टिकालाही जाऊन आले होते, त्यांनी तो १९२१ सालीच नोंदवला. शंभर वर्षं झाली. पाठ्यपुस्तकापर्यंत आक्षेप पोचायला किती वेळ लागावा, याचा आपल्याकडे काही नियम दिसत नाही.

मग बरोबर उत्तर काय? ते ज्यांनी ठामपणे मांडलं त्यांत एक नाव पुण्याचं आहे: सुलोचना गाडगीळ. जन्म आणि महाविद्यालयीन शिक्षण इथलं, पुढे हार्वर्ड, आणि कामाची बहुतेक वर्षं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. त्यांचं म्हणणं असं: विषुववृत्ताजवळ दोन गोलार्धांचे वारे एकमेकांना भेटतात तो ढगांचा पट्टा सूर्याबरोबर उत्तर-दक्षिण सरकतो. पॅसिफिकवर तो उन्हाळ्यातसुद्धा दहा अंशांच्या फार वर जात नाही. आपल्याकडे मात्र तो पार गंगेच्या खोऱ्यापर्यंत चढतो. आपला पावसाळा हा त्या जागतिक पट्ट्याचा मुक्काम आहे. १९८० साली डी. आर. सिक्का आणि गाडगीळ यांनी उपग्रहांची चित्रं दिवसामागून दिवस तपासली आणि दाखवलं की महासागरावर उगवलेला ढगांचा पट्टा उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो, विरतो, आणि दोन-पाच आठवड्यांनी पुन्हा तसाच दुसरा येतो. आपल्या शेतकऱ्याला जो पावसाचा खंड जीव नकोसा करतो, त्याचं मूळ या ये-जा करण्यात आहे.

जमिनीचं काहीच काम नाही, असं मी म्हणत नाही. उत्तरेकडे एवढा मोठा खंड नसता तर पट्टा इतका वर चढलाच नसता. हिमालयाचंही काम आहे, पण कोणतं यावर वाद आहे. तिबेटचं पठार उंचावरची हवा तापवतं आणि पावसाळा ओढून आणतं, असं फार दिवस मानलं गेलं. २०१० साली बूस आणि क्वांग या दोघांनी संगणकावर पठार सपाट करून फक्त हिमालयाची अरुंद भिंत ठेवली, तरी पावसाळा जवळपास तसाच आला. त्यांच्या मते ती भिंत उत्तरेकडची कोरडी, थंड हवा अडवून धरते, हेच मुख्य. मला हे म्हणणं पटतं, पण वाद मिटलेला नाही. आणि एकदा पाऊस सुरू झाला की बाष्पाचं पाणी होताना जी उष्णता सुटते, ती हवेला आणखी वर उचलते. पट्टा मग बराचसा स्वतःच्याच पावसावर चालतो.

आणि आता तो वारा, ज्याच्यासाठी मी तुम्हाला विषुववृत्तापलीकडे बोलावलं.

जूनमध्ये आपल्याकडे उन्हाळा तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा. मादागास्करच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, ३० अंश दक्षिणेच्या आसपास, मास्करीन बेटांच्या नावाने ओळखला जाणारा उच्च दाब बसलेला असतो. तिथून व्यापारी वारे वायव्येकडे निघतात, मादागास्करच्या उत्तर टोकाला वळसा घालतात आणि पूर्व आफ्रिकेच्या पठाराला येऊन भिडतात. त्या उंच भिंतीला लागून ते केनियाजवळ विषुववृत्त ओलांडतात. ओलांडलं की पृथ्वीच्या फिरण्याचं वळण उलटतं, डावीकडे ओढ होती ती उजवीकडे होते. सोमालियाच्या टोकावरून वारा अरबी समुद्रात शिरतो आणि पूर्वेकडे वळून थेट आपल्या किनाऱ्यावर येतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा गाभा असतो, आणि सोमालियाजवळ जुलैतला त्याचा सरासरी वेगच ताशी ७० किलोमीटरच्या घरात जातो. समुद्राचं पाणी तो सोमाली किनाऱ्यापासून इतक्या जोराने लोटतो की खालचं थंड पाणी वर येतं आणि मे महिन्यात तापलेला अरबी समुद्र ऐन पावसाळ्यात थंडावतो.

या वाऱ्याला जगात फिंडलेटरचं नाव आहे. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या जॉन फिंडलेटर यांनी १९६० च्या दशकात विषुववृत्त ओलांडणारा प्रवाह मोजला आणि १९६९ साली सगळा मार्ग एकत्र मांडला. मांडणी थोर आहे, वादच नाही. पण १९६६ सालीच आपल्या हवामान खात्यातले पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी भारतीय द्वीपकल्पावर जुलैमध्ये खालच्या थरात पश्चिमेचा जेट वाहतो हे दाखवून दिलं होतं. आपल्या पुस्तकांत निदान तिघांची नावं बरोबरीने यायला हरकत नाही.

सह्याद्रीची उंची आणि या वाऱ्याच्या गाभ्याची उंची जवळपास सारखी आहे. त्यामुळे घाटमाथ्यावर जे होतं ते आपण जाणतोच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. पसरणीचा घाट उतरून वाईत यावं, तर त्याचा सहावा हिस्साही नाही. माण-खटावला विचारूच नका. एकच वारा, एकच बाष्प, मध्ये फक्त डोंगर.

वर गेलेली हवा कुठे जाते, हे मी शाळेत असताना कुणी विचारलं नाही, पण विचारायला हवं. ती परत फिरते. चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर, दक्षिण भारताच्या डोक्यावर, पावसाळ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जबरदस्त जेट असतो. पी. कोटेश्वरम यांनी तो १९५० च्या दशकात उजेडात आणला. यातली बरीच हवा दक्षिण गोलार्धात जाऊन तिथल्या उच्च दाबात खाली उतरते आणि पुन्हा आपल्याकडे निघते. हॅडलीचंच चक्र, फक्त विषुववृत्तावरून उडी मारून एका बाजूला कललेलं. काही परिणाम तर वायव्येकडे पोचतो. रॉडवेल आणि हॉस्किन्स यांनी १९९६ साली दाखवलं की आशियातल्या पावसाने सुटणारी उष्णता पूर्व सहारा आणि भूमध्य समुद्राच्या परिसरात हवा खाली बसायला भाग पाडते. ग्रीसमध्ये जुलैत आभाळ निरभ्र असतं आणि पर्यटक खूश असतात, त्यात काही वाटा आपल्याकडच्या चिखलाचा आहे.

इतकं सगळं एकमेकांत अडकलेलं असेल तर भाकीत कसं करायचं? या प्रश्नाने एका गणितज्ञाला वीस वर्षं छळलं. १८७७ आणि १८९९ चे भीषण दुष्काळ होऊन गेल्यावर, १९०४ साली केंब्रिजचे गिल्बर्ट वॉकर भारतीय वेधशाळांचे प्रमुख झाले. हवामानाचा अनुभव त्यांना शून्य होता. बूमरँग आणि बासरी हे त्यांचे छंद. त्यांनी शिमल्याच्या कचेरीत कारकुनांची फौज बसवून जगभरच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे एकमेकांशी पडताळून पाहिले, सगळं हाताने. त्यातून निघालं की पॅसिफिकच्या पूर्व भागात दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो, आणि उलट. १९२० च्या दशकात त्यांनी याला ‘दक्षिणी दोलन’ असं नाव दिलं. त्याचा एल निनोशी, म्हणजे पेरूकडच्या पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याशी, असलेला संबंध जेकब ब्यर्कनेस यांनी १९६९ साली जोडला, तोवर वॉकर हयात नव्हते. शिमल्याची ती कचेरी १९२८ साली इथे आली, म्हणून शिवाजीनगरच्या त्या जागेला आपण अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतो. तिथे बस थांबते तेव्हा किती जणांच्या डोक्यात पेरूच्या किनाऱ्यावरचं पाणी येत असेल?

एल निनो म्हणजे दुष्काळ, हे समीकरणही आता वर्तमानपत्रांनी पाठ केलं आहे. १९९७ चा एल निनो त्या शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी एक होता आणि त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला. २००२ चा एल निनो साधारण होता आणि जुलै महिना निम्म्याने कोरडा गेला. पॅसिफिकखेरीज आपल्या हिंदी महासागराचंही स्वतःचं दोलन आहे, हे १९९९ साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी दाखवल्यावर या कोड्याची काही गाठ सुटली. काही अजून तशीच आहे.

गेल्या काही दशकांत या वाऱ्याचं वागणंही बदलतं आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या, गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यातल्या, दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि तेही एकूण पाऊस घटत असताना. कारण म्हणून त्यांनी अरबी समुद्रावरच्या पश्चिमी वाऱ्यांकडे बोट दाखवलं: त्यांचे चढउतार वाढले आहेत, मधूनच एखादा लोट येतो आणि बाष्पाचा मोठा साठा दोन-तीन दिवसांत ओतून जातो. पर्जन्यमापकातली वर्षाची बेरीज पाहिली तर हे कळतच नाही. शेतात मात्र लगेच कळतं.

शेतावरून शेवटचा मुद्दा. पुष्कळ वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मराठवाड्यात, विदर्भात चांगला एक-दोन तास पाऊस होतो, पेरण्या होतात, मग पंधरा दिवस आभाळ कोरडं आणि दुबार पेरणीचा खर्च. तो पहिला पाऊस बहुतेक वेळा वळीव असतो. जमीन तापून, दुपारनंतर गडगडाट करत, बऱ्याचदा पूर्वेकडून येणारा. शाळेतलं ‘जमीन तापली म्हणून’ हे उत्तर त्याला मात्र चपखल लागू पडतं! मोसमी पाऊस ओळखायची हवामान खात्याची स्वतःची रीत वेगळी आहे. केरळात मान्सून आल्याची घोषणा खातं फक्त पावसावरून करत नाही. ठरवलेल्या चौदा केंद्रांपैकी निदान साठ टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस पाऊस हवा, हे आहेच. पण त्याबरोबर पश्चिमेच्या वाऱ्याचा थर सुमारे चार किलोमीटर उंचीपर्यंत पोचलेला हवा आणि खालच्या थरात त्याचा वेग पुरेसा हवा, अशीही अट आहे.

कृषी खातं शेतकऱ्याला सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला योग्य आहे, पण तो झालेल्या पावसाचा आहे. वळवाच्या दोन दणक्यांतही तेवढा आकडा भरतो. वाऱ्याचा थर किती जाड झाला, हे शेतकऱ्याला बांधावरून दिसत नाही. खात्याला मात्र ते रोज दिसतं. रोज सकाळी आणि संध्याकाळी फुगे सोडून ते मोजलं जातं. तेव्हा माझी मागणी साधी आहे. जूनच्या १ तारखेपासून मराठी बातम्यांत आणि कृषी खात्याच्या संदेशांत पावसाच्या अंदाजाबरोबर आणखी एक ओळ रोज यावी: मुंबई, रत्नागिरी, पणजी, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर या ठिकाणी आज पश्चिमेचा वारा किती उंचीपर्यंत आहे. ज्या दिवशी तो संभाजीनगरवर दोन-तीन किलोमीटर जाड होऊन चार दिवस टिकेल, त्या दिवशी जालन्याच्या माणसाला पाभर बाहेर काढायला सांगता येईल.